वयाच्या नावावर किती खपवायचं?

प्रश्न

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ६७ वर्षांच्या, नोकरीतून निवृत्त. १२ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. दोनेक वर्षांपासून सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात. कोमट पाण्यात धरली, जरा उघडझाप केली की दहा-पंधरा मिनिटांत सैल होतात. टोकाजवळच्या पेरांवर टणक गाठी आल्या आहेत. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सकाळी मिटलेलंच राहतं. दुसऱ्या हाताने सरळ करावं लागतं, तेव्हा ‘कट्’ असा आवाज येतो. विणकाम बंद पडलंय, नातवाचा स्वेटर अर्ध्यावर आहे. यजमान म्हणतात, ‘हातांना आराम दे’, आणि हाताची बहुतेक कामं त्यांनी स्वतःकडे घेतली आहेत. मुलगी म्हणते, तज्ज्ञाला दाखव. ताईंना दाखवायचं नाही. त्यांच्या आईची बोटं म्हातारपणी वाकडी झाली होती, कपसुद्धा धरता येत नव्हता. ‘तेच निघालं तर कळून तरी काय उपयोग? जन्मभराच्या गोळ्या मागे लागतील. वय झालं, हे आता चालायचंच.’ फार दुखलं तर औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घेतात. शेवटी लिहितात, ‘आणखी एक, रात्री कधी कधी उजवा हात बधिर होतो, झटकला की ठीक. अंगाखाली येत असावा.’ त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डॉक्टरकडे जावं की वय म्हणून सोडून द्यावं? आणि हात वापरावेत की जपावेत?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण सगळ्या पत्रात मला काळजी वाटली ती त्याच वाक्याची.

हात अंगाखाली दबून बधिर झाला तर तो एखाद्या रात्री होतो. पुन्हा पुन्हा होत असेल आणि झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दबत असण्याची शक्यता बरीच असते. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद वाट आहे. बोटं मिटवणाऱ्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक महत्त्वाची नस अशा दाटीवाटीने तिथून जातात. झोपेत मनगट दुमडलं की त्या नसेवर दाब येतो. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह असलेल्यांत आणि थायरॉईड कमी असलेल्यांत तो जास्त दिसतो.

पुढच्या वेळी जाग आली की दिवा लावा आणि नेमकी कुठली बोटं बधिर आहेत ते बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू असेल, करंगळी शाबूत असेल, तर संशय मनगटावर. फक्त करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका असेल, तर दुसरी नस, बहुधा कोपरापाशी. दोन्ही पायांनाही मुंग्या येत असतील तर मधुमेहाचा नसांवरचा परिणाम तपासायला हवा. मानेतून निघणारी नस दबली तरी हात बधिर होतो. एवढी एक नोंद तुम्ही डॉक्टरांना दिलीत तर त्यांचं निम्मं काम होतं.

घाई करा म्हणते त्याला कारण आहे. सांध्याची झीज सहा महिन्यांनी दाखवली तरी फार काही बिघडत नाही. नस मात्र फार काळ दबलेली राहिली तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट होत जातो, बटण लावताना, नाणं उचलताना चिमटीतून सुटायला लागतं, आणि मग दाब काढला तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नसतं. लवकर सापडलं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधून कित्येकांचं भागतं. त्याने भागलं नाही तर इंजेक्शन, आणि गरज पडली तर छोटी शस्त्रक्रिया.

आता ते मिटलेलं बोट. आवाज आणि अडकणं तुम्हाला मधल्या पेरात जाणवत असेल, पण घोळ बहुतेक वेळा तळव्यात असतो. अनामिकेच्या बुडाशी, तळव्यावरची आडवी रेषा जिथे आहे तिथे दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून बघा. तिथे दुखत असेल, आणि बोट मिटता-उघडताना अंगठ्याखाली बारीकशी गाठ सरकल्यासारखी लागत असेल, तर हे ट्रिगर फिंगर. बोट मिटवणारी कंडरा तिथे एका तंग कड्यातून जाते. कंडरा जाड झाली किंवा कडं आवळलं, की नेफ्यात नाडीची गाठ अडकावी तशी ती अडकते, आणि जोर लावला की ‘कट्’ करून सुटते. याचाही मधुमेहाशी जवळचा संबंध आहे. रोज सकाळी हिसका देऊन बोट सोडवू नका. कोमट पाण्यात धरून हळूहळू उलगडा. रात्री बोट सरळ ठेवणारी छोटी पट्टी मिळते, तिचा उपयोग होतो. डॉक्टर कदाचित तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवतील. नाव ऐकून दचकू नका, ते त्या जागेपुरतं असतं. पण त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेहाचं आधी सांगायचं आणि त्या दिवसांत साखर मोजत राहायचं. मधुमेह असलेल्यांत या इंजेक्शनचा गुण जरा कमी येतो, हेही माहीत असू द्या. नाहीच आला, तर ते कडं मोकळं करण्याचं ऑपरेशन जागेपुरती भूल देऊन होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

तुम्ही ‘वय’ म्हणून जे एकत्र बांधून ठेवलंय त्यात मला निदान तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. त्यातल्या दोन चांगल्या बऱ्या होण्यासारख्या आहेत, आणि नेमक्या त्याच तुम्ही सोडून देताय. पत्रावरून निदान होत नाही, हात हातात घेऊन बघावा लागतो. पण वयाने बोट अडकत नाही आणि वयाने रात्री हात बधिर होत नाही, एवढं मी पत्रावरूनही सांगते.

तिसरी गोष्ट म्हणजे टोकाच्या पेरांवरच्या गाठी आणि सकाळचं आखडणं. इथे मात्र वयाचा हात आहे. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, कडेने हाड वाढतं, त्याची गाठ होते. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या आसपासच्या वर्षांपासून हे जास्त दिसतं आणि घराण्यातही चालत येतं. हेबरडेन नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या, त्यांच्या निधनानंतर १८०२ साली छापल्या गेलेल्या टिपणांत या वाटाण्याएवढ्या गाठींचं वर्णन आहे आणि यांचा गाऊटशी (यूरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीशी) संबंध नाही असंही लिहून ठेवलंय. म्हणून आजही त्यांना हेबरडेनच्या गाठी म्हणतात. एवढा जुना खुलासा असूनही बोटं दुखायला लागली की माणसं आधी यूरिक ॲसिड तपासून घेतात आणि आकडा जरा वर दिसला की जेवणातला एकेक पदार्थ वर्ज्य करत सुटतात. गाऊट हाताला होत नाही असं नाही, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वयस्कर माणसांत तो बोटांतही दिसतो. पण तिथे सांधा अचानक लाल, गरम होतो, स्पर्श सहन होत नाही. तुमचं वर्णन तसं नाही.

आता आईंविषयी, कारण मला वाटतं तुम्हाला अडवून धरलंय ते त्याच आठवणीने. आईंना नेमकं काय झालं होतं हे पत्रात नाही, आणि बहुधा तेव्हा कुणी नावही सांगितलं नसेल. बोटं झिजेनेही वाकडी होतात. पण कप धरता येऊ नये इतकी वाकडी झाली असतील तर ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात, असू शकेल. त्याची चाल वेगळी असते. त्यात बोटांच्या बुडाचे सांधे आणि मनगटं सुजतात, बहुधा दोन्ही हातांना सारखीच. सूज दाबली तर मऊ लागते. सकाळचा ताठरपणा तासभर, कधी दुपारपर्यंत टिकतो. थकवा येतो, वजन उतरतं. टोकाची पेरं सहसा वाचतात. तुमचे सांधे पंधरा मिनिटांत सैल होतात आणि गाठी टोकाला आहेत, म्हणजे चित्र जवळजवळ उलटं आहे. तरी साठीनंतरही हा आजार सुरू होतो, म्हणून डॉक्टरांनी बोटांची बुडं आणि मनगटं दाबून बघायला हवीत.

आणि समजा, तेच निघालं तर? ‘कळून काय उपयोग’ हे आईंच्या काळी कदाचित खरं असेल. मेथोट्रेक्सेट या आजारासाठी सर्रास वापरात आलं ते १९८० च्या दशकात, बायॉलॉजिक औषधं १९९० च्या दशकाच्या अखेरीस. सुरुवातीच्या महिन्यांत उपचार सुरू झाले तर आज बोटं वाकडी होणं पुष्कळदा टळतं. कळण्याचा सगळ्यात जास्त उपयोग याच आजारात आहे. (मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना. या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डबीवर वाराचं नाव लिहून ठेवा.)

रक्ततपासणीबाबतही एक गैरसमज आहे. ‘आरए फॅक्टर’ (ऱ्हुमॅटॉइडसाठी करतात ती तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार झालाच असं नाही. काही धडधाकट वयस्कर माणसांतही तो पॉझिटिव्ह येतो आणि काही रुग्णांत निगेटिव्ह. एक्स-रेचंही तसंच. ६७ व्या वर्षी हाताच्या एक्स-रेत झीज बहुधा दिसतेच, म्हणून सगळं दुखणं तिच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

घरच्या घरी आणखी दोन गोष्टी बघा. दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडा, कोपरं बाहेर. सगळी बोटं बुडापासून टोकापर्यंत एकमेकांना चिकटतात का? बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात कातडी आणि सांध्याभोवतालच्या ऊती कडक होतात, आणि मग मध्ये फट राहते, न दुखताच. तसं दिसलं तर साखरेच्या नियंत्रणाकडे नव्याने बघायला हवं. मग तळवा टेबलावर पालथा ठेवा. तो सपाट टेकत नसेल, अनामिका किंवा करंगळी आत ओढली गेली असेल, तळव्यात जाड दोर हाताला लागत असेल, तर तो ड्युप्युट्रेन नावाचा वेगळाच प्रकार. तो कितीही चोळला तरी सुटत नाही, आणि दाखवायची वेळ झाली हे ओळखायला हीच टेबलाची परीक्षा वापरतात.

यजमानांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण त्यांच्या उपायाशी माझं जमत नाही. सांधा गरम, सुजलेला असेल तर काही दिवस विश्रांती ठीक. एरवी न वापरलेला हात जास्त आखडतो, पकड आणखी कमी होते, आणि ‘बघ, आता जमत नाही’ म्हणून आणखी एक काम काढून घेतलं जातं. त्यांना सांगा, घट्ट झाकणं तुम्ही उघडा, जड भांडी तुम्ही उचला, बाकीचं मला करू द्या. अंगठ्यावर येणारा जोर हे त्यामागचं खरं कारण आहे. चिमटीत १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट भार येतो. झाकण पिरगाळणं, चिमटीने किल्ली फिरवणं, ओला कपडा पिळणं ही कामं म्हणूनच दुखवतात. पिशवी बोटांना लटकवण्याऐवजी कोपरात अडकवा. पेनाला, चमच्याच्या दांड्याला फोमची नळी चढवून ते जाड करा. झाकणाला रबराचा तुकडा लावा.

विणकाम बंद ठेवायचं कारण मला दिसत नाही. फक्त अडकणाऱ्या बोटाचं आधी बघून घ्या, कारण सुई घट्ट धरून ठेवली की ते चिडतं. मग धातूच्या बारीक सुयांऐवजी लाकडाच्या जाड सुया घ्या, दर पंधरा-वीस मिनिटांनी हात खाली ठेवा, आणि विणलेल्या भागाचं वजन मांडीवर किंवा उशीवर राहू द्या, मनगटावर नको.

सकाळचा व्यायाम सोपा आहे. आधी पाचेक मिनिटं कोमट पाणी. पाणी किती गरम आहे ते हाताने बघू नका, कोपराने बघा किंवा यजमानांना बघायला सांगा, कारण बधिर हाताला चटका कळत नाही. (मेणाचा शेक घेणाऱ्या मधुमेही वाचकांनाही हेच लागू.) मग बोटं सरळ ताठ. बुडं सरळ ठेवून वरची दोन पेरं वाकवा, आकड्यासारखी. परत सरळ. मग पूर्ण मूठ, पण आवळायची नाही. परत सरळ. मग बुडातून आणि मधल्या पेरातून वाकवून, टोकाची पेरं सरळ ठेवत, बोटांची टोकं तळव्याच्या खालच्या भागाला टेकवा. शेवटी अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत करंगळीपर्यंत न्या. प्रत्येक पाच-सात वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बोट अडकलं तर तिथेच थांबायचं. मऊ चेंडू दाबत बसण्याचा सल्ला सगळेच देतात. ट्रिगर फिंगर असताना तो टाळा, बोट आणखी अडकतं.

दुकानातून आणलेल्या गोळ्यांचं मला पटलेलं नाही. या जातीच्या बहुतेक गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात, रक्तदाब वाढवतात, पोटात रक्तस्राव करू शकतात. मधुमेहात मूत्रपिंड आधीच जपायचं असतं. बोटांच्या झिजेसाठी आधी वेदनाशामक जेल वापरून बघतात. बोटांचे सांधे कातडीच्या लगेच खाली असल्याने ते पोचतं. लावल्यावर तासभर हात धुवू नका आणि डोळ्यांना लावू नका. ग्लुकोसामाइनच्या महागड्या डब्यांवर मी पैसे घालणार नाही. आणि आत काय आहे हे न सांगता दिलेली सांधेदुखीची पुडी कुणी कितीही खात्रीने दिली तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. चार दिवसांत चमत्कार वाटतो आणि साखर हाताबाहेर जाते.

हे वाचणाऱ्या इतरांचे हात ताईंसारखेच असतील असं नाही. एकाच हाताची हालचाल मंद झालीय, अक्षर बारीक होत चाललंय, तर पार्किन्सनची शंका घ्यावी. बटणं लावता येत नाहीत आणि चालतानाही तोल जातो, तर मानेतला मज्जारज्जू तपासायला हवा. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी तासभर आखडतात तो आणखी वेगळा आजार. त्याच्या जोडीला कपाळाच्या बाजूला नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा दिसण्यात बदल असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, दृष्टीचा प्रश्न असतो. हात अचानक लुळा पडला तर पक्षाघात समजून तडक रुग्णालय. सोरायसिस असलेल्यांनी, चिकनगुनिया होऊन गेलेल्यांनी, स्तनाच्या कर्करोगानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ही माहिती स्वतःहून सांगावी, कारण बोटांच्या ताठरपणाचं मूळ तिथे असू शकतं. आणि मनगट मोडून प्लास्टर घातलं असेल तर डॉक्टरांनी मना केलं नसेल तोवर मोकळी बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची.

आता तुमचं जाणं. एकदम मोठ्या तज्ज्ञाकडे जायची गरज नाही, मधुमेहासाठी जिथे जाता त्याच डॉक्टरांपासून सुरुवात करा. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, थायरॉईडची आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) तपासणी ते सांगतील. सांगितली नाही तर तुम्ही विचारा. अडकणाऱ्या बोटासाठी आणि नसेसाठी ते अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा हाताच्या सर्जनकडे पाठवतील, मऊ सूज सापडली तर संधिवाततज्ज्ञाकडे. बोटात अंगठी घट्ट होत असेल तर आजच साबण लावून काढून ठेवा. सूज वाढल्यावर अंगठी कापावी लागते. सकाळी हात सर्वांत वाईट असतो तेव्हा मुलीला फोटो काढायला सांगा, दवाखान्यात पोचेपर्यंत हात शहाण्यासारखा वागायला लागतो. अधूनमधून घेता त्या गोळ्यांचं पाकीट बरोबर न्या.

आणि डॉक्टरच म्हणाले, ‘वय झालं, चालायचंच’, तर वाद घालू नका. एवढंच विचारा, ‘रात्री बधिर होणाऱ्या हाताची नस कधी तपासायची?’ तारीख घेऊनच उठा.